गारवाबाबाचं गुलाबी पाणी

पाणी गुलाबी झालं तेव्हा हॉलमधल्या तीन-साडेतीनशे माणसांनी एकदमच श्वास आत ओढला.

हॉल म्हणजे बंद पडलेलं फर्निचरचं दुकान होतं. भिंतींवर अजून सोफ्यांची आणि कपाटांची चित्रं चिकटलेली. समोर लाकडी चौथरा, चौथऱ्यावर पांढरं कापड घातलेलं टेबल आणि टेबलामागे गारवाबाबा. हे नाव लोकांनीच दिलेलं. छातीतली जळजळ, घशाशी येणारं आंबट पाणी, पोटातली आग हे सगळं हा माणूस गार करतो म्हणून गारवाबाबा. इस्त्रीचा पांढरा झब्बा, चेहऱ्यावर कायम झोपेतून उठल्यासारखं हसू आणि कॉलरला माईक.

समोरच्या खुर्चीत एक शिंपी बसला होता. बाबांनी त्याच्या हातात स्वच्छ पाण्याचा काचेचा ग्लास दिला.

"धर. दोन्ही हातांनी धर. तुझा अग्नी उलटा फिरलाय, बाळा. खाली जायचा तो वर चाललाय. त्याची फ्रिक्वेन्सी चुकली आहे. उतरू दे त्याला पाण्यात."

बाबांनी ग्लासाच्या काठावरून बोट फिरवलं आणि पाणी गुलाबी झालं.

"बघा! पेटलं पाणी!"

मग शिंप्याच्या तोंडात काचेची नळी. "फुंक. ज्यानं ज्यानं तुला जाळलं त्याला आठव आणि फुंक." शिंपी गाल फुगवून फुंकत राहिला. पाण्यात बुडबुडे आले. मिनिटभरात गुलाबी रंग फिका झाला, अजून फिका झाला, आणि गेला. ग्लासात पुन्हा नुसतं पाणी.

"विझली!" बाबा ओरडले. शिंप्याच्या जिभेवर त्यांनी पांढऱ्या चूर्णाची चिमूट ठेवली. शिंप्यानं गिळलं, दणदणीत ढेकर दिला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "गार वाटतंय हो!" हॉल टाळ्यांनी दणाणला.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो गुलाबी रंग माझ्या ओळखीचा होता. गेली बावीस वर्षं मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. मुलांचे प्रयोग झाले की तोच रंग मी काचेच्या भांड्यांतून धुऊन काढते. बाटलीवरचं नाव फिनॉल्फथॅलीन, पण आम्ही प्रयोगशाळेतले लोक त्याला नुसतं 'गुलाबी' म्हणतो.

शेजारी बसलेला माझा धाकटा भाऊ मात्र हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवत होता.

तो बसस्थानकावर उद्घोषक आहे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे सांगणारा आवाज त्याचा. आठ महिन्यांपूर्वीच्या एका सकाळी एक माणूस खोकं सांभाळत त्याच्या खिडकीशी आला होता. "पुढची गाडी घेऊ की ही?" ह्यानं सांगितलं, "हीच घ्या, पळा, मिळेल." तो पळाला, त्याला गाडी मिळाली. दोन तासांनी ती गाडी पुलावरून खाली गेली. वाचलेल्यांत तो नव्हता.

त्यानंतर ह्याची जळजळ सुरू झाली. आधी जेवणानंतर, मग उपाशीपोटी, मग दिवसभर. माईकसमोर बसला की घशात गोळा अडकल्यासारखं व्हायचं. आवाज घोगरा झाला, झोप उडाली, वजन उतरलं. जवळच्या डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी फरक पडायचा, पण दोन-चार दिवसांत घशातला गोळा हजर. डॉक्टर वैतागून म्हणाले, "काही नाही हो तुम्हाला. मनाचे खेळ आहेत. विचार करू नका." मीही तेच म्हणत होते. त्याची बायकोही तेच म्हणत होती. 'विचार करू नकोस' हे घरात इतक्यांदा म्हटलं गेलं की तो आमच्याशी बोलायचाच बंद झाला.

आणि मग त्याला गारवाबाबा भेटले. ही त्याची पाचवी बैठक होती. आठवड्याला दोन, अशा सात बैठका करायच्या होत्या. डॉक्टरच्या गोळ्या बंद करण्याची शपथ पहिल्याच दिवशी घेतलेली.

"ताई, त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, तुझ्या पाठीवर एक मेलेला माणूस बसलाय," तो मला बाहेर पडताना म्हणाला. "मी काही बोललोसुद्धा नव्हतो."

"पहिल्या दिवशी फॉर्म भरलास का रे?"

"भरला. सगळेच भरतात."

"त्यात काय विचारलं होतं?"

त्याच्याऐवजी सोबत आलेली माझी भावजयच म्हणाली, "नाव, वय, काम. आणि अलीकडे घडलेली दुःखद घटना."

"झालं तर मग. बाबांची दिव्यदृष्टी फॉर्मवर चालते."

भाऊ माझ्याकडे बघतही नव्हता. "तू हसशील हे माहीत होतं मला," एवढंच म्हणाला.

सोमवारी मी आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी एका भांड्यात पाणी घेतलं, धुण्याच्या सोड्याचे चार कण टाकले, गुलाबीचे दोन थेंब टाकले. पाणी रंगलं. "फुंका," म्हणाल्या. मी नळीनं फुंकलं आणि रंग गेला. "आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तो पाण्यात मिसळला की सोड्याचा जोर संपतो. कुणीही फुंकलं तरी रंग जाणार. ह्याचा पोटातल्या आम्लाशी काडीचा संबंध नाही." भावजयीनं दिलेल्या चूर्णाच्या पुडीतलं थोडं त्यांनी व्हिनेगरमध्ये टाकलं. फस्सकन फेस वर आला. "खायचा सोडा आहे. घटकाभर गार वाटतं, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा खातो. पण ह्यात अजून काहीतरी आहे. खाली बघा, गाळ राहिलाय. तो काय आहे ते मी इथे सांगू शकत नाही."

संध्याकाळी मी भावाच्या घरी गेले. जेवणाच्या टेबलावर तोच प्रयोग करून दाखवला. रंग आला, रंग गेला. भावजय डोळे विस्फारून बघत राहिली. भाऊ शांतपणे म्हणाला,

"तू औषध टाकून केलंस. ते शक्तीनं करतात. रंग सारखा दिसला म्हणून गोष्ट सारखी होते का?"

"अरे, पण पाण्यात आधीच सोडा असणार आणि त्यांच्या बोटाला गुलाबीचा थेंब लावलेला असणार."

"तू पाहिलास?"

पाहिला नव्हता.

"ताई, आठ महिन्यांत तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का मला, तो माणूस कसा दिसत होता? बाबांनी विचारलं. अर्धा तास ऐकून घेतलं. मी रडलो त्यांच्यासमोर. त्या दिवशी मला झोप लागली." तो उठला, टेबलाच्या कडेला धरून क्षणभर उभा राहिला आणि आत गेला.

मी भांडं उचललं आणि घरी आले.

रविवारी सकाळी भावजयीचा फोन आला. ती कुजबुजत होती, मागे नळ सोडून ठेवला होता.

"ताई, येता का? ह्यांचं बरं दिसत नाही. जिन्यानं दोन मजले चढले तर खाली बसले. आणि... चार दिवस झाले, संडासला काळं होतंय."

"काळं म्हणजे?"

"डांबरासारखं. चिकट. फार घाण वास येतो. बाबांना विचारलं तर म्हणाले, घाबरू नका, जळालेलं विष बाहेर पडतंय, चूर्ण वाढवा. आता दिवसाला दहा-बारा चिमटी घेतात हे."

माझ्या कॉलेजात शिकलेली एक मुलगी आता सरकारी रुग्णालयात पोटाची डॉक्टर आहे. मी तिला फोन लावला. माझं वाक्य तिनं पुरं होऊ दिलं नाही.

"मावशी, काळं म्हणजे रक्त आहे ते. आत कुठंतरी जखम वाहतेय. आत्ता आणा, मी आहे. त्यांना काही खायला देऊ नका. आणि ते चूर्ण सोबत आणा."

मी पोचले तेव्हा भाऊ बूट घालत होता. चेहरा भिंतीसारखा पांढरा. मी हात धरला, तर तळवा गार आणि मनगटाची नाडी धावत सुटलेली.

"रुग्णालयात चल."

"आज सातवी बैठक आहे."

"रक्त जातंय तुझं!"

"अर्धवट सोडली तर आग घरच्यांवर उलटते." त्यानं बुटाची लेस बांधली. "एकाला मी आधीच मारलंय, ताई. आता हिला आणि तुला नाही."

तेव्हा मला कळलं की ह्या माणसाला बाबांनी नुसतं फसवलेलं नाही. त्याच्याकडे जी भीती होती तीच घेऊन तिला कुलूप लावलंय आणि किल्ली स्वतःकडे ठेवली आहे. ओढून नेलं असतं तर तो दारातून परत पळाला असता. हॉल रुग्णालयाच्याच वाटेवर होता.

"ठीक आहे. पहिला नंबर तुझा लावायचा. पाच मिनिटं. मग सरळ रुग्णालयात. रिक्षा दारात उभी राहील."

"चालेल."

बरोबर केलं की चूक, हे मी अजून स्वतःला विचारते.

हॉल नेहमीपेक्षा जास्त भरलेला. मी कार्यकर्त्याला सांगितलं, ह्याला आधी घ्या, तब्येत बरी नाही. बाबांनाही ते आवडलं असावं. सातवी बैठक म्हणजे त्यांचा खास खेळ. भाऊ चौथऱ्यावर गेला. ग्लास, बोट, गुलाबी पाणी. ह्या वेळी माझी नजर फक्त बोटावर होती. काठावरून फिरण्याआधी ते बोट झब्ब्याच्या बाहीत जाऊन आलं.

"फुंक, बाळा! आज त्या मेलेल्या माणसाला पाठीवरून उतरव!"

भावानं फुंकलं. चार बुडबुडे आले. त्यानं पुन्हा दम घेतला, पण छाती भरेना. पाणी गुलाबीच.

"फुंक!"

"दम... नाही."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. बाबांचं हसू क्षणभर पुसलं गेलं, मग परत आलं. "मला वाटलंच होतं. ह्याच्या घरात संशय आहे! ह्याची आग कुणीतरी धरून ठेवतंय!" त्यांचं बोट सरळ माझ्यावर आलं. "ती! तिथे उभी आहे ती!"

साडेतीनशे डोकी वळली. कुणीतरी म्हणालं, "बाई, बाहेर जा." मागून कुणीतरी माझा दंड धरला. खोटं कशाला सांगू, मी पळून जायच्या बेतात होते. पण भाऊ खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत राग नव्हता. भीती होती.

मी दंड सोडवला आणि चौथऱ्यावर चढले.

"बाबा, मी आग धरून ठेवली आहे ना? मग मीच फुंकते."

"स्त्रियांनी दुसऱ्याच्या अग्नीला..."

मी नळी तोंडात घातली होती. फुंकत राहिले. बोलता येत नव्हतं, ऐकू येत होतं. बाबा माईकवरून काहीबाही म्हणत होते. पाणी फिकं झालं, आणि रंग गेला.

"मला जन्मात कधी जळजळ झालेली नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "मग माझी कुठली आग विझली?"

"छुपी आहे तुझी!"

"असेल. ह्यांना तर तुम्ही शुद्ध केलंय ना?" मी कार्यकर्त्याकडे वळले. पिण्याच्या पाण्याच्या पिंपातून तिथलाच एक ग्लास भरला. पर्समध्ये दोन छोट्या बाटल्या होत्या. सगळ्यांना दिसेल असे थेंब टाकले. आधी सोड्याचं पाणी, मग गुलाबी. ग्लास रंगला. "मी कुणी बाबा नाही. कॉलेजात भांडी धुते. हे पाणी मी पेटवलंय. तुम्ही फुंका."

कार्यकर्ता बाबांकडे बघायला लागला. पहिल्या रांगेतला तो शिंपीच उठला. "द्या इकडे." त्यानं फुंकलं. सगळा हॉल त्या ग्लासाकडे बघत होता. रंग गेला.

"माझी तर गेल्याच रविवारी विझली होती," शिंपी हळूच म्हणाला.

त्या शांततेत माझ्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाऊ पुढे वाकला आणि टेबलाच्या पांढऱ्या कापडावर ओकला. कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट, आणि त्यात लाल.

"पडलं!" बाबा दोन्ही हात वर करून ओरडले. "विष पडलं!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी नाही, पण अर्ध्या हॉलनं वाजवल्या. माझा भाऊ रक्त ओकत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. तो आवाज मी विसरू शकत नाही.

"रक्त आहे ते!" माझी भावजय किंचाळली. आयुष्यात चार माणसांत मोठ्यानं न बोललेली बाई. "विष नाही, रक्त आहे! उचला कुणीतरी!"

टाळ्या थांबल्या. शिंप्यानं भावाला काखेतून धरलं, मी पाय धरले. दारापर्यंत लोकांनी वाट करून दिली. बाबा मागून सांगत होते की अर्धवट नेलंत तर जबाबदारी तुमची. रिक्षात भाऊ माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि मी त्याला सारख्या हाका मारत होते, झोपू नको, ऐकतोयस ना, झोपू नको.

डॉक्टर दारातच उभी होती. तीन तास आम्ही बाकावर बसलो. भावजयीनं माझा हात सोडला नाही. मग डॉक्टर बाहेर आली, मास्क खाली केला.

"थांबलंय रक्त. जठरात दोन व्रण आहेत, एक वाहत होता. दुर्बिणीतूनच बंद केला. अन्ननलिकेचा खालचा भाग आम्लानं सोललाय. रक्त चढवतोय. अजून एखादा दिवस घरी राहिले असते तर..."

चूर्णाचा अहवाल आठवड्यानं आला. खायचा सोडा आणि त्यात कुटून घातलेल्या दुखणं मारायच्या गोळ्या. सोड्यानं जळजळ दबायची, गोळ्यांनी दुखणं दबायचं आणि त्याच गोळ्या जठराचं आतलं अस्तर खात होत्या. काळं विष म्हणजे बाबांच्याच चूर्णानं काढलेलं रक्त. पोलीस हॉलवर गेले तेव्हा सोफ्यांच्या चित्रांशिवाय तिथे काही नव्हतं. तीन महिन्यांनी बाबा दुसऱ्या शहरात सापडले. तेव्हा ते सांधेदुखी काढत होते.

पण मला सांगायचंय ते रुग्णालयातल्या चौथ्या दिवसाचं. डॉक्टर खुर्ची ओढून भावाजवळ बसली.

"जळजळ कधी सुरू झाली?"

"आठ महिने."

"तेव्हा काय झालं होतं?"

छताकडे बघत भावानं सगळं सांगितलं. खिडकी, खोकं, निळा सदरा, "पळा, मिळेल." मी आणि भावजय पहिल्यांदाच ते पूर्ण ऐकत होतो. डॉक्टरनं मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

"म्हणजे मनाचंच आहे ना सगळं?" शेवटी त्यानं विचारलं. "पहिले डॉक्टर म्हणाले तसं?"

"तुमची सोललेली अन्ननलिका मी डोळ्यांनी पाहिली आहे. ते मनाचे खेळ नाहीत. आम्ल खरं आहे. पण भीतीही खरी आहे. माणूस सतत धास्तीत असला की तेवढंच आम्ल त्याला जास्त जाळतं, घसा आवळतो, झोप जाते. झोप गेली की जळजळ अजून जाणवते, आणि जळजळ झाली की धास्ती वाढते. नुसत्या गोळ्या दिल्या म्हणून अर्धंच बरं वाटलं. नुसतं समजावलं असतं तरी अर्धंच वाटलं असतं. दोन्ही बाजूंनी उपचार करायचे. पोटाचे मी करते. मनाचे करणाऱ्या बाई वरच्या मजल्यावर बसतात."

"लोक म्हणतील वेडा झाला."

"लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, ऐकलं मी," डॉक्टर म्हणाली.

तो हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर गेला.

चमत्कार काही झाला नाही. सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी गोळी, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू विटांवर. मनाच्या बाईंकडे दर बुधवारी. पहिल्या महिन्यात दोनदा म्हणाला, नको हे सगळं. तिसऱ्या महिन्यात परत माईकसमोर बसला आणि दहा मिनिटांत उठून आला. मग पुन्हा बसला. अजूनही एखादा दिवस वाईट जातो. पण आता वाईट गेला तर तो सांगतो, आणि आम्ही 'विचार करू नकोस' म्हणत नाही. काय विचार येतोय ते विचारतो.

मॅडम आणि मी सुट्टीच्या दिवशी शाळांत, कारखान्यांत, वसाहतींच्या सभागृहांत हा प्रयोग करून दाखवतो. लोकांनाच फुंकायला लावतो. सगळे हसतात. मागच्या महिन्यात कार्यक्रम संपल्यावर एक बाई थांबली. कपडे शिवायच्या कारखान्यात काम करणारी असावी, बोटाला सुई टोचल्याच्या खुणा होत्या.

"बाबा खोटा, हे पटलं," ती म्हणाली. "पण मग माझी जळजळ? ती खरी की खोटी?"

हा प्रश्न मला आधी कुणी विचारला असता तर मी म्हटलं असतं, 'विचार करू नका.' तिला मी खुर्ची दिली.

"खरी आहे. किती दिवस होतेय?"

"वर्ष झालं."

"मग डॉक्टरकडे जा. संडासला काळं होत असेल, गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल तर आजच जा. त्यांनी दिलेली गोळी कुणाच्या शपथेवर बंद करू नका. आणि वर्षापूर्वी काय झालं होतं तेही त्यांना सांगा. त्यांनी ऐकून घेतलं नाही तर ऐकणारा दुसरा डॉक्टर शोधा. पण फुंकून घालवतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. विचारा त्याला, कशानं जातं ते दाखव. खरं औषध देणाऱ्याला हा प्रश्न टोचत नाही."

ती म्हणाली, "वर्षापूर्वी माझी आई गेली."

मी माझीही खुर्ची ओढली आणि बसले.